सातवी पायरी

माझ्या बहिणीला श्वास घेता येत नव्हता तेव्हा मी यंत्राची बाजू घेत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना माझ्याविषयी कुणाचा गैरसमज नको.

मी हेमलता मगदूम. मिरजेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची निवृत्त ग्रंथपाल. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्यांना शिकवायला वेळ भरपूर मिळाला. वैद्यकीय माहितीसाठ्यांमध्ये शोध कसा घ्यायचा, हे मी अकरा वर्षं राज्यभरच्या ग्रंथपालांना शिकवलं. चौदाशे जण माझ्या हाताखालून गेले. मी कडक होते. पहिल्या दिवशी उशिरा येणाऱ्याला मी दाराबाहेर उभं करत असे, मग तो चाळीस वर्षांचा बाप्या असला तरी.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. जगभरातले डॉक्टर आपले अनुभव लेख लिहून छापतात. अशा कोट्यवधी लेखांच्या नोंदी एका साठ्यात असतात. तुमच्या समोर रुग्ण आहे, त्याला अमुक होतंय, तमुक औषध द्यावं का, तर या ढिगातून नेमके दहा लेख काढायचे. नुसता शब्द टाकला की पाच हजार नोंदी अंगावर येतात. डॉक्टरला वाचायला वेळ असतो दहा मिनिटं. म्हणून मी सात पायऱ्या बसवल्या होत्या. प्रश्नाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला साठ्यातला ठरलेला विषयशब्द शोधा, ते शब्द जोडा, अशा सहा. सातवी सगळ्यात सोपी. पडद्याच्या कडेला ‘मानवी’ असा चौकोन असतो, त्यात खूण करायची. उंदरांवरचे, सशांवरचे प्रयोग गळून जातात आणि पाच हजारांचे सहाशे होतात. सातव्या पायरीला वर्ग नेहमी खूश व्हायचा.

मग धांडोळा आला. २०३३ साली सगळ्या रुग्णालयांत हे शोधयंत्र बसवलं. डॉक्टरनं प्रश्न बोलायचा, यंत्रानं वीस सेकंदांत शोधून, वाचून, निष्कर्ष सांगायचा. सोबत पुरावापत्र निघतं आणि ज्या उपचाराला पुरावापत्र नाही तो उपचार रुग्णालयात करता येत नाही. हे यंत्र शोध घ्यायला शिकलं कुणाकडून? आमच्याकडून. प्रमाणपत्रधारक ग्रंथपालांनी अकरा वर्षांत घेतलेल्या लाखो शोधांची प्रत्येक पायरी त्याला दाखवली गेली आणि त्यानं नक्कल उचलली. उद्घाटनाला मला बोलावून शाल-श्रीफळ दिलं. त्यानंतर वर्षभरात ग्रंथपालांची पदं गेली आणि साठ्यात माणसानं थेट शिरायची सोयही बंद झाली. माझ्या विद्यार्थ्यांच्या नोकऱ्या गेल्याचं मला वाईट वाटलं, पण शाल मी नीट घडी घालून ठेवली.

वनिता माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आई गेल्यावर मीच तिला वाढवली. तिनं शिकावं म्हणून मी जंग जंग पछाडलं, पण ती सावळजला सासरी गेली, नवरा लवकर गेला, आणि ती बेदाणा शेडवर बायकांची टोळी चालवू लागली. द्राक्षं सुकवायची, झटकायची, निवडायची. गेल्या तीन हंगामांपासून द्राक्षांवर केवडा रोग पडू नये म्हणून प्रयोगशाळेत घडवलेली एक बुरशी फवारतात. ती केवड्याला खाऊन टाकते, फळाला काही करत नाही. बागायतदार तिला नुसतं ‘हिरवं’ म्हणतात.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वनिताला मिरजेला आणलं. धाप लागलेली, अंगात ताप, ओठ काळसर. डॉ. आवटी म्हणून तरुण डॉक्टर होते, चांगला माणूस. त्यांनी तपासण्या केल्या, धांडोळ्याला विचारलं. यंत्र म्हणालं, धुळीच्या वावड्यानं फुफ्फुस सुजलंय, स्टिरॉइड द्या. पुरावापत्र निघालं. मंगळवारी वनिता उठून बसली आणि मला म्हणाली, “अक्का, तुझं यंत्र हुशार हाय गं.”

बुधवारी ती पुन्हा आडवी झाली. गुरुवारी तिला वाक्य पुरं करता येईना.

डॉ. आवटी मला बाहेर घेऊन गेले. “मॅडम, स्टिरॉइडनं सुधारून मग असं कोसळणं मला पटत नाही. मी धांडोळ्याला तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. बेदाणा, बुरशी, स्टिरॉइडनंतर बिघाड. संबंधित पुरावा शून्य, असं येतं.”

“मला त्याच्या पायऱ्या दाखवा,” मी म्हणाले.

यंत्रानं शोध कसा घेतला ते उघडून बघता येतं, पण कुणी बघत नाही. मी ओळ न् ओळ वाचली. एक, दोन, तीन, सगळं माझ्या पुस्तिकेतल्यासारखं. सातव्या ओळीत ‘मानवी’. एकही पायरी गाळलेली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणी मला बरं वाटलं. बहीण आत तडफडत होती आणि मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटला.

“शोध निर्दोष आहे,” मी डॉक्टरांना सांगितलं. “नाही म्हणजे नाही. दुसरीकडं कारण शोधा.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? स्टिरॉइडचा डोस वाढवला. त्यात दोन दिवस गेले.

शनिवारी सकाळी वनितानं माझं बोट धरलं. तोंडावर मास्क, आवाज जेमतेम. “अक्का, ट्रेवर हिरवी पूड बसती. झटकताना उडती. शेडवर समदीच खोकत्यात.”

“बोलू नको वनू.”

“तू हुडक की. तुला येतंय न्हवं.”

मी बाहेर बाकावर येऊन बसले. मला रडू येत नव्हतं, रागच येत होता. कुणाचा ते कळत नव्हतं. आणि त्या रागात पहिल्यांदा मला त्या शून्याचा संशय आला. इतक्या मोठ्या साठ्यात कुणी काहीही विचारलं तरी चार तरी लेख येतात. निरुपयोगी का होईना, येतात. इथं बेदाण्याच्या शेडमधल्या फुफ्फुसाबद्दल एकही नाही म्हणजे काय?

शून्यावर विश्वास ठेवू नका, असं एकजण माझ्या वर्गात म्हणाला होता. दस्तगीर मुजावर. जतच्या एका छोट्या पशुवैद्यक पदविका महाविद्यालयाचा ग्रंथपाल. सातव्या पायरीला त्यानं हात वर केला होता. “मॅडम, ही खूण केली की नुसते उंदीर जात नाहीत. ज्या नोंदींना अजून कुणी ‘मानवी’ का ‘प्राणी’ हे लेबलच लावलेलं नाही, त्याही जातात.” मी विचारलं, तुम्ही जनावरांच्या कॉलेजचे, तुम्हाला माणसांची एवढी काळजी का? वर्ग हसला. परीक्षेत त्यानं सातवी पायरी मुद्दाम गाळली. मी त्याला नापास केलं. प्रमाणपत्र दिलं नाही.

म्हणजे धांडोळा चौदाशे जणांकडून शिकताना एका माणसाकडून काहीही शिकला नव्हता, आणि ते मीच ठरवलेलं होतं.

नंबर मिळवायला तासभर गेला. मग फोन लावला.

“मुजावर, मी हेमलता मगदूम.”

 “बोला मॅडम.”

मी सगळं सांगितलं. त्यानं मधे एकदाही तोडलं नाही.

“आमच्याकडं धांडोळा बसवलाच नाही,” तो म्हणाला. “जनावरांच्या कॉलेजला कोण विचारतंय. साठ्यात शिरायची जुनी वाट तशीच चालू आहे. या तुम्ही.”

“तुम्हीच शोधून सांगा ना. मला यायला दोन तास लागतील. तिला वेळ नाही.”

“मी सुरू करतो. पण या. बाईंना शेडवर काय दिसलं, काय हुंगलं, ते मला ठाऊक नाही. तुम्हाला आहे.”

मी गाडी करून जतला गेले. ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, भिंतीवर म्हशीच्या पोटाचा तक्ता, आणि एका टेबलावर जुना संगणक. दस्तगीर आता पन्नाशी ओलांडलेला, दाढी पांढरी. त्यानं खुर्ची मागं ओढली आणि मला बसायची खूण केली. स्वतः माझ्या मागं उभा राहिला. माझ्या वर्गात मी जशी उभी राहायची तसाच.

“शोध टाका. तुमच्या सात पायऱ्या.”

टाकल्या. शून्य.

“आता सातवी काढा.”

मी चौकोनातली खूण काढली. पडद्यावर सदतीस नोंदी आल्या. मी ताडकन मागं वळून त्याच्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर विजयाचं काही नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या सदतीसमध्ये आमच्या कामाचं काही निघालं नाही. उंदीर, ससे, द्राक्षाच्या वेली. मी डोकं धरून बसले.

“मॅडम, लेबल नसलेल्या नोंदीला ठरलेला विषयशब्द पण नसतो,” दस्तगीर म्हणाला. “लेबल लावणारी माणसं मोठ्या नियतकालिकांपासून सुरुवात करतात. तालुक्याच्या डॉक्टरनं छोट्या त्रैमासिकात लिहिलेलं वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. तिथं लेखकानं जो शब्द वापरला असेल तोच चालतो. सहा पायऱ्याही बाजूला ठेवा. तो डॉक्टर कोण असेल, काय लिहील, ते सांगा.”

हे मी कधी कुणाला शिकवलं नव्हतं. मी लिहायला लागले. तो डॉक्टर नाशिककडचा असू शकतो, द्राक्षं तिथंही आहेत. तो ‘बेदाणा’ इंग्रजीत कसा लिहील? रेझिन लिहील, नाहीतर सुकवलेली द्राक्षं, नाहीतर किशमिश, नाहीतर घाईत बेदाणा हाच शब्द रोमन लिपीत. बुरशीचं शास्त्रीय नाव त्याला माहीत असेल का? नसेल. तो ‘जैविक फवारणी’ लिहील. आजाराचं नाव त्यालाच ठाऊक नसणार, मग तो काय दिसलं ते लिहील. धाप. ताप. स्टिरॉइडनं एखादा दिवस बरं. वनिताचा तो मंगळवार आणि बुधवार आठवून मी शब्द टाकत होते. दस्तगीर एकेक शब्द मोठ्यानं वाचत होता, काही नवे सुचवत होता.

एकशे अडुसष्टावी नोंद. लेबल नाही, विषयशब्द नाही, सारांशही नाही. नुसतं शीर्षक: बेदाणा शेडमधल्या तीन मजुरांचा फुफ्फुसविकार, एक निरीक्षण. एका जिल्ह्याच्या वैद्यक संघटनेचं त्रैमासिक. सोळा महिन्यांपूर्वीचं.

लेख दोन पानांचा होता. फवारणीतली बुरशी गरम, कोंदट शेडमध्ये फुफ्फुसात रुजते. स्टिरॉइडनं सूज उतरते, म्हणून बरं वाटतं, आणि प्रतिकार दबला की बुरशी फोफावते. पहिले दोघे स्टिरॉइडवर दगावले. तिसऱ्याचं स्टिरॉइड थांबवून बुरशीवरचं एक जुनं इंजेक्शन चौदा दिवस दिलं. तो चालत घरी गेला.

मी लेख तिथूनच डॉ. आवटींना पाठवला. गुरुवारी मी ‘शोध निर्दोष आहे’ म्हटल्यावर वाढवलेला डोस डोळ्यांसमोर आला आणि मी टेबलावर डोकं टेकून रडले. दस्तगीरनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

“मुजावर, मी तुमचं वाटोळं केलं,” मी म्हणाले.

“माझं काही वाटोळं झालं नाही, मॅडम. माझी नोकरी आहे अजून. तुम्ही निघा आता, बाई एकट्या आहेत.”

मिरजेला पोहोचले तेव्हा डॉ. आवटी अर्ज समोर घेऊन बसले होते. स्टिरॉइड त्यांनी थांबवलं होतं. इंजेक्शनला पुरावापत्र नव्हतं, म्हणून ते स्वतःच्या सहीवर देणार होते. काही बरंवाईट झालं असतं तर त्यांची डॉक्टरकी गेली असती. ते घाबरलेले होते आणि लपवतही नव्हते.

“एक सही तुमचीही लागेल, शोध तुम्ही घेतलाय म्हणून,” ते म्हणाले. “आणि खाली एक रकाना आहे, यंत्राला का सापडलं नाही याचं कारण. तो रिकामा सोडला तरी आज चालेल. भरला तर प्रकरण वर जातं. चौकशी होईपर्यंत राज्यभर यंत्र थांबवतात.”

इंजेक्शन तयार होतं. परिचारिका दारात उभी होती. मी सही केली आणि रकान्यात ‘तांत्रिक’ एवढं लिहिलं. पुढं ‘दोष’ लिहिलं असतं तर संपलं असतं. माझं नाव कुठंच आलं नसतं. माझ्या चौदाशे विद्यार्थ्यांना कुणी काही विचारलं नसतं. मी वनिताकडं बघितलं. तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मी ‘तांत्रिक’ खोडलं. लिहिलं: यंत्र ‘मानवी’ ही खूण प्रत्येक शोधात करतं, त्यामुळे लेबल न लागलेले लेख गळतात. ही पायरी चुकीची आहे. ती मी शिकवली.

पुढचे चार दिवस काय झालं ते मला सलग आठवत नाही. दोनदा डॉक्टरांनी मला तयारीत राहायला सांगितलं. एकदा वनिताचा हात इतका गार लागला की मी ओरडून परिचारिकेला बोलावलं. पाचव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी तिनं मास्क बाजूला करून चहा मागितला.

याच दिवसांत माझे फोन वाजत होते. धांडोळा थांबवला होता. एका जुन्या विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, आम्ही तुमच्यावर भरवसा ठेवून शिकलो, आता लोक आम्हाला काय म्हणतील?” दुसरा म्हणाला, “बहिणीचं औषध सापडलं होतं ना, मग लिहिलंत कशाला?” मी फोन ठेवला. चौकशी कार्यालयानं एक यादीही पाठवली. बेदाणा, द्राक्ष, फवारणी, धाप अशा शब्दांनी गेल्या चौदा महिन्यांत धांडोळ्याला विचारलेले आणि शून्य मिळालेले प्रश्न. तज्ज्ञ म्हणून मी ते तपासून द्यावेत, अशी विनंती होती. एकतीस ओळी होत्या. नावं नव्हती. तालुका, वय, स्त्री की पुरुष, तारीख, आणि पुढं रुग्णाचं काय झालं. बावीस ओळींच्या शेवटी एकच शब्द होता: मृत.

वनिताला भेटायला शेडवरच्या बायका आल्या. ती उशाला टेकून बसली होती, गालांची हाडं वर आलेली, पण तोंड चालू. “आमच्या अक्कानं हुडकून काढलं,” ती प्रत्येकीला सांगत होती. “डॉक्टरला न्हाई, यंत्राला न्हाई, अक्काला घावलं. समद्या महाराष्ट्राला शिकवलंय तिनं.” बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मला तिथं उभं राहणं असह्य झालं.

त्या गेल्यावर मी तिच्या पलंगावर बसले आणि सांगून टाकलं. सातवी पायरी, दस्तगीरला नापास केलं ते, गुरुवारी डॉक्टरांना ‘नाही म्हणजे नाही’ म्हणाले ते. सगळं. ती ऐकत राहिली.

“मी मरायला टेकले ती तुझ्यामुळं?”

“हो.”

“आणि वाचले ती?”

“मुजावरांमुळं. आवटींमुळं.”

ती खिडकीकडं बघत बसली. मला वाटलं आता ती मला जा म्हणेल, आणि म्हणाली असती तर मी गेले असते.

“अजून किती जण?” तिनं विचारलं.

मी यादी काढून तिच्या हातात दिली. तिला आकडे वाचता येतात, अक्षरं वाचायला वेळ लागतो. तिचं बोट एकेका ओळीवरून खाली सरकत होतं. चौदाव्या ओळीवर ते थांबलं. तासगाव, वय एकतीस, स्त्री, एकोणीस मार्च.

“ही काजल,” वनिता म्हणाली. “माझ्या टोळीतली. गेल्या साली. मीच तिला शेडवर आणली हुती, तिच्या नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध. त्यो अजून मला बोलत न्हाई. त्याला वाटतंय शेडच्या धुळीनं गेली, माझ्यामुळं गेली.” ती थांबली, तिला धाप लागली. मी मास्क पुढं केला, तिनं तो हातानं बाजूला सारला. “तारीख मला पाठ हाय. तिची मुलगी तवा दीड वर्साची हुती.”

“वनू, मी त्याला पत्र लिहीन.”

“पत्र नगं.” तिनं यादी घडी घालून स्वतःच्या उशीखाली ठेवली. “सोमवारी मला सोडणार म्हणालेत डॉक्टर. घरी जायच्या आधी त्याच्याकडं जायचं. मी नुसती बसीन. बोलायचं तू.”

“तो मला मारेल.”

“मारू दे,” वनिता म्हणाली. “मी तुला धरून बसते.”